अण्णांची वही आणि इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब

आमची जुनी वॅगन आर जानेवारी २०११ मधली. म्हणजे जानेवारी २०२६ मध्ये आरसीची पंधरा वर्षं भरणार होती. पुढे चालवायची तर फिटनेस, पुनर्नोंदणीचे पाच हजार, ग्रीन टॅक्स, आणि त्याआधी क्लच आणि सस्पेन्शनचं काम. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि ही गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. आमच्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, दोन मिनिटं आत पाहिलं आणि काही न बोलता बंद केलं. एवढा बोलका माणूस गप्प बसला म्हणजे समजायचं.

घरात तीन माणसं आणि तीन मतं. लेकीचं ठरलेलं: इलेक्ट्रिक, दुसरं काही आणलंत तर मी बसणार नाही. नवऱ्याचं म्हणणं, गाडी ती जिला पंप सगळीकडे सापडतो. मी मनातून लेकीच्या बाजूची होते, पण माझं कारण पर्यावरण नव्हतं, डावा गुडघा होता. धायरीहून कॉलेजला जायला सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी किती वेळा क्लच दाबावा लागतो, ते तिथून रोज जाणाऱ्यालाच माहीत.

सप्टेंबरच्या शेवटी पहिली टेस्ट ड्राइव्ह घेतली टियागो ईव्हीची. खरं सांगते, पहिल्या पाचशे मीटरमध्येच मी विकली गेले होते. आवाज नाही, गिअर नाही, पाय ठेवला की गाडी सरकते. पाय उचलला की स्वतःच वेग कमी होतो आणि तेवढीच वीज बॅटरीत परत जाते. गुडघ्याला तर सुट्टीच लागली. शेजारी बसलेला विक्रेता मुलगा म्हणाला, "मॅडम, ३१५ किलोमीटर रेंज. चिपळूण आरामात." ही रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीतली. आमचे फिजिक्सचे सर हीच गाडी रोज तळेगावहून चालवत येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, २४ किलोवॅट-तासाची, म्हणजे २४ युनिटची बॅटरी आहे, एसी लावून १८० ते २०० धरा, त्याच्या वर मिळालं तर बोनस.

त्यांच्याकडूनच आणखी एक गोष्ट कळली, जी शोरूममध्ये कुणी बोललं नव्हतं. बॅटरीत २४ युनिट भरायची तर भिंतीतून २६-२७ युनिट ओढली जातात, बाकीची उष्णतेत जातात. म्हणून हिशेब करताना मीटरवरच्या एका युनिटला सात किलोमीटर धरायचे. माझ्या पुढच्या सगळ्या आकडेमोडीत हा सातचा आकडा आहे.

मग कोटेशनं. इथे वेळही मजेशीर निघाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. ईव्हीवर तो २०१९ पासून पाच टक्केच आहे, म्हणजे तिथे उतरायला काही नव्हतं. ज्या वॅगन आरकडे आम्ही बघत होतो तिची किंमत एका रात्रीत पन्नास हजारांहून जास्त खाली आली. ईव्हीला महाराष्ट्रात रोड टॅक्स नाही आणि पेट्रोलला दहा लाखांच्या आत अकरा टक्के आहे, हे धरूनही ऑन-रोड आकडे असे आले: वॅगन आर, क्लच नसलेली एएमटी, सात लाखांच्या थोडी आत. मोठ्या बॅटरीची टियागो ईव्ही साडेदहाच्या जरा आत. फरक साडेतीन लाखांचा. प्राप्तिकरात ईव्ही कर्जाच्या व्याजावर जी दीड लाखापर्यंत सूट होती, ती मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच, त्यामुळे तोही दरवाजा बंद.

सीएनजीचं नाव एकदा निघालं. डिकीत सिलिंडर आणि पंपावर रांग, एवढ्यावरच ते बारगळलं.

तरीही मी ईव्हीवरच अडून होते. म्हटलं, पेट्रोलमध्ये साडेतीन लाख कधीच वसूल होतील. पण गाडी घरी आणायची तर आधी तिला वीज हवी, आणि वीज म्हणजे सोसायटी.

आमचं मीटर पॅनेल ए विंगच्या जिन्याखाली, आणि माझं पार्किंग सी विंगच्या टोकाला, स्टिल्टमध्ये. सेक्रेटरी काकांना विचारलं तर ते आधी हसले. मग म्हणाले, "मॅडम, आग लागली तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, काका, खाली उभ्या असलेल्या चाळीस गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोलच आहे की. ते त्यांना पटलं नाही. अध्यक्षांची अडचण वेगळी होती: आज तुम्ही, उद्या दहा जण, ट्रान्सफॉर्मरला लोड झेपेल का? हा प्रश्न मात्र रास्त होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची १४ जानेवारी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेली. त्यात स्पष्ट लिहिलंय की मालक आपल्या घरच्या असलेल्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. कागद कमिटीच्या फाइलला लागला आणि "वार्षिक सभेत घेऊ" असं ठरलं. सोसायटीत राहणाऱ्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

दरम्यान वायरमनला बोलावून घेतलं. त्याने टेपने अंतर मोजलं, ५५ मीटर. आर्मर्ड केबल, एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी, पार्किंगपाशी १५ अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र अर्थिंग. अर्थिंगवर त्याचा फार जोर. सर म्हणाले, बरोबर आहे. ते एकदा सासुरवाडीला गेले, सॉकेटात चार्जर लावला, तर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. घराला अर्थिंगच नव्हतं. मला आमचं चिपळूणजवळचं घर आठवलं. तिथे मिक्सर लावला की ट्यूब मिणमिणते.

वायरमनचा अंदाज ३८ हजार. शिवाय महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायचा, तो आमचा दोन किलोवॅट आहे आणि घरच्या सॉकेटवर एकटी गाडीच तीनच्या वर ओढते.

आता विजेचा दर. "घरी चार्ज केली की किलोमीटरला एक रुपया" हे मी निदान दहा जणांकडून ऐकलं होतं. महाराष्ट्रात हे सरळ लागू होत नाही, कारण आपल्याकडे घरगुती विजेला स्लॅब आहेत. शंभर युनिटपर्यंतचा दर वेगळा, आणि शंभर ते तीनशेमधला त्याच्या दुपटीच्या आसपास. आमचं घर एरवीच महिन्याला १४० युनिट घेतं. म्हणजे गाडीचं पहिलं युनिटसुद्धा वरच्या स्लॅबमध्येच पडणार, स्वस्तातली शंभर युनिट फ्रिज आणि गिझरने आधीच खाऊन टाकलेली. सगळं धरून मला युनिटला तेरा रुपये पडणार होते. भागिले सात, म्हणजे किलोमीटरला एक रुपया पंच्याऐंशी पैसे. मे महिन्यात एसी चालू झाला की तिसरा स्लॅब. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेता येतं, त्याला स्लॅब नसतात. पण त्याला पुन्हा स्वतंत्र जोडणी, स्थिर आकार आणि पुन्हा सेक्रेटरी काका.

तरी पेट्रोलचे साडेसहा रुपये कुठे आणि हे एक पंच्याऐंशी कुठे! किलोमीटरमागे साडेचार रुपयांहून जास्त वाचत होते. आता फक्त किती किलोमीटर ते हवं होतं. आम्ही तिघांनी अंदाज केले. नवरा म्हणाला महिन्याला हजार, लेक म्हणाली बाराशे, मी म्हटलं नऊशे तरी.

आणि मग मला वही आठवली.

माझे सासरे, अण्णा, हिशेबाचे पक्के. गाडी घेतली त्या दिवसापासून ग्लोव्ह बॉक्समध्ये दोनशे पानी वही. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. हवा भरली तरी नोंद. २०२१ मध्ये अण्णा गेले, तेव्हापासून ती वही मी लिहिते. प्रामाणिकपणे लिहिते, पण बेरीज कधीच केली नव्हती. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून केली. पावणेपंधरा वर्षांत ७५ हजार किलोमीटर. वर्षाला ५,१००. महिन्याला ४२५.

लेक म्हणाली, आई, परत बघ. परत बघितलं, तेच आलं. कॉलेज सहा किलोमीटरवर, आणि त्यातही निम्मे दिवस मी स्कूटरवर. नवरा बसने जातो. गाडी फिरते असं आम्हाला वाटत होतं, ती बहुतेक वेळ सी विंगच्या टोकाला उभी होती.

मग गणित असं झालं. ५,१०० किलोमीटरला, १६ च्या सरासरीने आणि १०४ रुपये भावाने, वर्षाचं पेट्रोल ३३ हजारांचं. वीज साडेनऊ हजारांची. सर्व्हिसिंगमधली चार हजारांची बचत धरली तरी वर्षाला वाचणार सुमारे २८ हजार. त्यासाठी आज वर घालायचे साडेतीन लाख आणि केबलचे ३८ हजार. वसुलीला जवळपास चौदा वर्षं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची, यातलं जे आधी होईल ते. १ लाख ६० हजार! आमच्या चालीने ते गाठायला तीस वर्षं लागतील.

सरांचा हिशेब शेजारी मांडून बघितला. तीच गाडी, तीच किंमत. ते दिवसाला ऐंशी, महिन्याला १,९०० किलोमीटर चालवतात, घर स्वतःचं, छतावर सोलर. पेट्रोलवर त्यांचे महिन्याला बारा हजार गेले असते. त्यांची साडेतीन लाखांची वसुली तीन वर्षांत होते. तेव्हा ईव्ही परवडत नाही असं मी कुणाला सांगणार नाही. मला परवडत नाही, कारण वाचवायला माझ्याकडे पेट्रोलच नाही.

लेकीने हार मानली नाही. तिने छोट्या बॅटरीची काढली, १९.२ किलोवॅट-तासाची, ऑन-रोड साडेआठ लाखांच्या आसपास. "शहरात हिच्यावर फिरू, गावाला एसटीने जाऊ." ही कल्पना मला मनापासून आवडली. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे मी आणि ती अर्ध्यात, नवरा एकटा पुऱ्या भाड्यात. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण वहीने इथेही घात केला. गणपती, शिमगा, मे महिना आणि मध्ये एखादी फेरी, अशा वर्षाला चार वाऱ्या, प्रत्येकी पाचशे किलोमीटर. म्हणजे ५,१०० मधले दोन हजार एकट्या चिपळूणचे. ते काढले की शहरातले उरतात ३,१००, आणि बचत खाली येते १८ हजारांवर. वसुली दहा वर्षं. गावाच्या रस्त्यावर बचत करायची तर बॅटरी मोठी हवी, आणि मोठी घेतली तर ती चार वाऱ्या सोडून वर्षभर नुसती बसून राहणार. ताम्हिणी उतरून माणगाव, महाड करत जाताना चार्जर नकाशावर दिसतात. पण गणपतीच्या आदल्या दिवशी तिथे मागची सीट मखराच्या सामानाने भरलेली असताना रांगेत तासभर थांबायची माझी तयारी नव्हती.

वॅगन आर एएमटी बुक केली. नोव्हेंबरमध्ये गाडी आली. त्या सरकत्या टेस्ट ड्राइव्हनंतर एएमटीचे गिअर बदलतानाचे हलके धक्के मला अजून जाणवतात, आणि सिग्नलला शेजारी हिरव्या नंबरप्लेटची ईव्ही उभी राहिली की मी तिकडे बघते. गुडघा मात्र खूश आहे. लेक पहिले दोन दिवस बसली नाही, तिसऱ्या दिवशी पाऊस आला.

डिसेंबरात सोसायटीची लांबलेली वार्षिक सभा झाली. माझा अर्ज अजेंड्यावर होताच. मी उठून सांगणार की आता गरज नाही, तेवढ्यात बी विंगमधले दोघं उभे राहिले, त्यांनी ईव्ही बुक केली होती. अध्यक्षांनी माझीच फाइल उघडली, मंत्रालयाचा कागद वाचून दाखवला, वायरमनचं ५५ मीटरचं एस्टिमेट फिरवलं आणि तिन्ही विंगसाठी केबल ट्रे टाकायचा ठराव मंजूर झाला. प्रत्येक फ्लॅटला दीड हजार रुपये. खाली उतरताना सेक्रेटरी काका जिन्यात भेटले.

"मॅडम, पहिली वायर तुमचीच टाकू ना?"

मी दीड हजार भरले. पावती नव्या वहीच्या पहिल्या पानाला पिन केली आहे, पहिल्या पेट्रोलच्या नोंदीच्या वर.