तोलाचा सराव : ओटा सुटला, आता आठाचा आकडा

मागच्या नोंदीत ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्यापर्यंत आले होते. आता ओटा सुटलाय. हाताशी असतोच, पण धरावा लागत नाही. आधी दोन्ही हातांची पकड, मग एका हाताची, मग नुसती दोन बोटं, मग हात ओट्याच्या वर अधांतरी, असा क्रम ठेवला होता. सगळ्यात जास्त दिवस त्या दोन बोटांनी खाल्ले. त्यांच्यावर भार काहीच नसतो, तरी उचलली की घोटा थरथरायला लागायचा. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "आजी, ती बोटं तुम्हाला पेलत नाहीत, तुम्ही कुठे कलताय ते फक्त सांगतात." पटलं. डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतून येणारी जाणीव या तिघांवर तोल चालतो, त्यात बोटांची एक जादा खबर. ती बंद केली की घोट्याला कामाला लागावंच लागतं.

नव्याने आलेल्यांसाठी : मी करते ते व्यायाम न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेले आहेत. डनिडनमध्ये ऐंशीच्या पुढच्या बायकांवर त्यांची चाचणी झाली, ती १९९७ साली छापून आली. पाच व्यायाम पायांच्या ताकदीचे, त्यांतल्या तिनांना घोट्याला वजनाचा पट्टा बांधायचा; बारा तोलाचे. आठवड्यातून तीनदा, साधारण अर्धा तास. चालणं वेगळं.

चालण्यावरून आमच्याकडे वाद आहेच. भावजींचं म्हणणं, "मी रोज बागेत फेऱ्या मारतो, मला हे कशाला?" फेऱ्या चांगल्याच, बंद करू नका. पण सपाट रस्त्यावर सवयीच्या चालीने चालताना तोलाची परीक्षा फारशी होत नाही. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तोलाच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या हालचालींच्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. नुसत्या चालण्याबद्दल असं काही ठामपणे म्हणता आलं नाही. भावजींना हे सांगितलं. ते हसले आणि फेरीला गेले.

खुर्चीतून उठणं आता बरं जमतंय. हात छातीवर फुली करून ठेवायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहाच्या खाली आलं तर पायांची ताकद कमी धरतात. मी जेमतेम वर आहे. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, मागे भिंत हवी म्हणजे ती सरकत नाही. सोफ्यावर हे करू नका, तो खोल असतो, उठताना हात आपोआप गुडघ्यावर जातो. पाय किंचित मागे घेऊन नाक बोटांच्या पुढे आणलं की कंबर स्वतःहून सुटते. ही युक्ती कळल्यापासून मी लग्नाच्या हॉलमधल्या त्या बुटक्या खुर्च्यांनाही भीत नाही.

सध्या अडलंय ते आठाच्या आकड्यावर. इंग्रजी आठ, आपला नव्हे. दोन पाटांऐवजी मी दोन स्टीलचे डबे ठेवून त्यांच्याभोवती फिरते. डावीकडे वळणं सुरळीत. उजवीकडे वळताना पाय टाकायच्या आधीच अंग फिरतं आणि एक जादा पाऊल पडतं. घरात पडणारी माणसं वळतानाच पडलेली मी जास्त पाहिली आहेत : मोरीतून बाहेर येताना, फोन वाजला म्हणून गर्रकन फिरताना. म्हणून हा व्यायाम कंटाळवाणा असला तरी सोडणार नाही. आधी मान वळवायची, मग छोटी पावलं. मोजे घालून कुणी करू नका, आणि फरशी पुसून झाल्या झाल्या तर मुळीच नको. चक्कर येत असेल किंवा रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

टाच-बोट जोडून उलटं चालणं आणि जिना अजून बाकी आहेत. उलटं चालायला मुलगा रविवारी शेजारी उभा राहणार आहे. जिन्याचं थांबलंय, कारण आमच्या इमारतीचा कठडा मधल्या वळणावर हलतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घातलाय. कुणाकडे घरातल्या एकाच पायरीवर करायचा प्रकार असेल तर पायरीची उंची लिहून कळवा.