आधी कोपरे, मग चित्र

खेळाडूंची छापील कार्डं जमवणं म्हणजे गुंतवणूकच, असं लोक म्हणतात. असं कार्ड हातात आलं की मी चित्र नंतर बघतो, आधी चारही कोपरे. भिंगाखाली कोपऱ्यावर पांढरा ठिपका दिसला की कार्डाची अवस्था तपासून ग्रेड देणाऱ्या पीएसए कंपनीच्या सर्वोच्च, म्हणजे १० ग्रेडची आशा सोडायची. आणि ९ व १० च्या भावात बऱ्याचदा जमीन-अस्मानाचा फरक असतो. १९५२ चं टॉप्स कंपनीचं, बेसबॉलपटू मिकी मॅन्टलचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, हे सगळेच ऐकवतात. १९९० च्या आसपास बेसुमार छापलेली बेसबॉल कार्डं आज बहुतेक कवडीमोल आहेत, त्यांचं नाव कोणी काढत नाही. ती जपणारेही गुंतवणूकच करत होते की! कार्ड ना व्याज देतं ना लाभांश. वर ग्रेडिंगची फी, लिलावाचं कमिशन. मी ग्रेड झालेलंच कार्ड घेतो, तेही प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव बघून. मागितलेला आकडा काय, कोणीही काहीही लिहितो.