ओढ, सोड

'शीड' आणि 'शीट' यांचा घोळ मी लहानपणी बरीच वर्षं घातला. शीड म्हणजे डोलकाठीवर चढवलेलं कापड, हे ठीक. पण ते आवळायच्या-सैल करायच्या दोराला शर्यतीच्या होडीत 'शीट' म्हणतात. बाबा सुकाणूवरून ओरडायचे, "शीट ओढ!" आणि मी इमानेइतबारे शिडालाच लोंबकळायचे. शेवटी त्यांनी हुकूम छाटून एका शब्दावर आणला. ओढ. नाहीतर सोड.

एरवी हा माणूस आवाज चढवत नसे. रांगेत कोणी पुढे घुसलं तरी गप्प. पाण्यावर मात्र "स्टारबोर्ड!" अशी आरोळी ठोकायचे की शेजारच्या होडीतली माणसं दचकत. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला डावीकडून घेणाऱ्याने वाट द्यायची, हा शर्यतीतला नियम. आरोळी त्याची आठवण करून द्यायला. आईवरही ओरडत. ती पुढचं लहान शीड, म्हणजे जिब, सांभाळायची. म्हणून घरात एक कलमच झालं होतं: पाण्यावरचं बोलणं काठावर आणायचं नाही. आईने ते पाळलं. फार तर परतताना खिडकीबाहेर जरा जास्त वेळ बघत बसायची.

त्या जिबवर दोन्ही अंगांना लोकरीचे दोन धागे चिकटवलेले असत, आईच्या विणकामातून उरलेले. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर लागलंय. वाऱ्याकडचा फडफडला तर ओढ. पलीकडचा गळून पडला तर सोड. एवढंच शास्त्र, पण ते दर क्षणाला बदलतं, आणि धाग्यावरची नजर काढली की संपलं. मी त्या धाग्यांकडे जितकं पाहिलंय तितकं पाठ्यपुस्तकाकडे पाहिलं नसेल.

बाबांना शर्यतीपेक्षा तिच्या आधीची पाच मिनिटं आवडत असावीत, असा माझा संशय आहे. पहिला भोंगा झाला की 5 मिनिटं उरतात. मग 4, मग 1, आणि मग सुटायचं. तोवर सगळ्या होड्या एका अदृश्य रेषेमागे घिरट्या घालतात, कारण होडीला ब्रेक नसतो. रेषेवर एक सेकंद आधी पोचलात तर मागे वळून पुन्हा यायचं. बाबा घड्याळ बघत, वारा हुंगत, बरोबर भोंग्याच्या ठोक्याला रेषेवर! घरातून निघतानाही तेच. "पाच!" म्हणून दाराशी उभे, मग "चार!" आई "एक!" ऐकल्यावर शांतपणे केस विंचरायला घ्यायची.

सुरुवात जिंकून ते शर्यत हरत. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. साधारण 45 अंशांनी तिरकं, नागमोडी जावं लागतं. सगळे एका बाजूला गेले की बाबा दुसऱ्या टोकाला. "तिकडे पाणी काळं दिसतंय, वारा तिकडे आहे." कधीकधी असायचाही. गुणांची रीत मात्र उलटी: पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. मी शाळेत कितीतरी दिवस अभिमानाने सांगत होते की माझ्या बाबांना सगळ्यात जास्त गुण पडतात.

पुढे मी आणि भाऊ आपापल्या ऑप्टिमिस्टमध्ये बसू लागलो. जेमतेम 2.3 मीटर लांबीची, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ती होडी. टबच म्हणा ना. शर्यत चालू असताना काठावरून सूचना द्यायला नियमाने बंदी. बाबा हात पाठीमागे बांधून उभे राहत. आई सांगायची, पाठीमागे त्या हातांची मूठ मिटायची, उघडायची, मिटायची.

आता बाबा नाहीत. आमची दोघांची शेवटची शर्यत आठवते. त्यांचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून सुकाणू माझ्याकडे आणि जिब त्यांच्याकडे. मी आयुष्यभर बाबांना 'तुम्ही' म्हणत आलेली. पहिल्या वळणापाशी वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, आणि माझ्या तोंडून निघालं, "सोड! अरे सोड!" त्यांनी सोडलं. होडी सावरली. पुढची सगळी शर्यत मी "ओढ", "सोड" असंच ओरडत होते आणि ते निमूट ऐकत होते.

काठावर आल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "बाबा, चुकलं. 'सोडा' म्हणायला हवं होतं."

ते दोर गुंडाळत होते. म्हणाले, "'सोडा' म्हणेपर्यंत होडी पालथी झाली असती." मग जरा थांबून, "'सोड' पण उशिराच म्हणालीस."