ठाण्यातलं शेवटचं हिम

दुपारची जेवणं उरकलेली, ओटा पुसून झालेला, आणि फळीवरच्या डब्यामागून बियांचं एक पाकीट खाली पडतं. मॉर्निंग ग्लोरीचं. पुढे निळंशार फूल, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना: शेवटचं हिम पडून जायच्या चार ते सहा आठवडे आधी बी घरात पेरावं.

ठाण्यात हिम पडतं ते फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, तेही डीफ्रॉस्ट करायचा कंटाळा केला तर. जानेवारीच्या एखाद्या पहाटे पारा पंधरा-सोळावर उतरला, की तलावपाळीला फेऱ्या मारणारे कानटोप्या काढतात आणि दहा वाजता त्या खिशात कोंबतात. एवढीच आपली थंडी. हिमापासून उलटं मोजायला बसलं तर पेरणीचा मुहूर्त कधी लागायचाच नाही.

तरी ती सूचना फेकून द्यायची नाही. कृती ठेवायची, कारण बदलायचं. तिकडे बी घरात रुजवतात ते थंडीपासून वाचवायला. आपण रुजवायचं ते उन्हासाठी. माघात पेरलेलं बी फाल्गुनात रोप होतं आणि चैत्र तापायच्या आत त्याची मुळं कुंडीच्या तळापर्यंत पोचतात. उलट चैत्रात पेरलेलं कोवळं रोप दुपारी दोनला मान टाकतं, संध्याकाळी पाणी मिळालं की उठतं, आठवडाभर अशा उठाबशा काढतं, आणि एका संध्याकाळी उठत नाही. माघी गणेशजयंती झाली की दुसऱ्या दिवशी वसंत पंचमी. तेव्हापासून होळीपर्यंतचे दिवस पेरणीचे. गणेशवेल लावायची असेल तर तिथीसुद्धा साजेशी.

बियांपासून लावण्यासारखे वेल तसे मोजकेच: गोकर्ण, गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरी, आणि रात्री उमलणारा पांढरा मूनफ्लॉवर. मधुमालती, जाई, जुई, बोगनवेल यांच्या बियांच्या नादी लागू नये; फांदी मागून आणावी. मागितलेली फांदी लवकर लागते असंही म्हणतात. त्यात शास्त्र काही नाही, पण मागायला निमित्त बरं.

गोकर्णाचं बी मात्र विकत आणणं हे ठाणेकराला थोडं शोभत नाही. जुन्या नौपाड्यातल्या बैठ्या घरांची कुंपणं आठवून पाहा. तारेवर निळी आणि पांढरी गोकर्ण एकमेकींत गुंतलेली असायची. शाळेतून येताना वाळक्या, चपट्या शेंगा मुठीत धरल्या की तटकन फुटायच्या, दोन्ही फाका पिळवटून उलट्या व्हायच्या, आणि आतलं सात-आठ काळपट बी कंपासपेटीत करकटकाशेजारी जाऊन पडायचं. फुलं कागदावर चोळून वर लिंबाचा थेंब टाकला की निळ्याचं जांभळं व्हायचं. विज्ञानाच्या तासाला ‘नैसर्गिक दर्शक’ हा शब्द पुढे कधीतरी आला. तोवर प्रयोग करून सगळ्या वह्या खराब झालेल्या. आता त्याच फुलांचा निळा चहा काचेच्या पेल्यात घालून शे-दीडशे रुपयांना देतात. वर लिंबाची फोड असतेच.

कंपासपेटीतलं ते बी उगवायचं नाही, आणि आपण ते जुनं झालं असं समजायचो. जुनं नसायचं. त्याचं टरफल इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. मातीत पडलेल्या बीला पावसाळे सोसून, घासून-झिजून वाट मिळते. घरी ती आपण करून द्यायची. १२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बी एका बाजूने आठ-दहा वेळा घासायचं, काळा रंग जाऊन आतलं फिकट दिसलं की थांबायचं. नेलकटरने टवका काढला तरी चालतो, पण बीवर जिथे शेंगेला चिकटल्याची बारीक खूण असते तिथे हात लावायचा नाही. अंकुर तिथूनच निघतो. टवका समोरच्या बाजूला. मग कोमट पाण्यात रात्रभर, आठ ते बारा तास. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासून पुन्हा भिजवायचं. चोवीस तासांपलीकडे मात्र पाण्यात ठेवू नये, हवेवाचून ते कुजतं. मूनफ्लॉवरच्या बीलाही टवका लागतो. गणेशवेलीचं बी बारीक असतं, त्याला नुसतं भिजवणं पुरतं. भिजत घातलेली वाटी मटकीच्या वाटीशेजारी ठेवू नये, हे गमतीने लिहिलेलं नाही. मॉर्निंग ग्लोरीचं आणि तिच्या भावंडांचं बी विषारी असतं, आणि सकाळच्या घाईत उसळ करणाऱ्याचं लक्ष वाटीकडे नसतं.

आता पेरायचं कशात? इथे बहुतेकांचं चुकतं. वेलांना सोटमूळ असतं. ते आधी सरळ खाली धावतं आणि कुणी धक्का दिलेला त्याला खपत नाही. नर्सरीच्या उथळ ट्रेमध्ये वाढवून उपटून लावलेली गोकर्ण महिनाभर रुसून बसते. म्हणून खोल आणि नंतर फाडता येईल असं भांडं हवं. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी त्यासाठी सोन्यासारखी. वरून कापायची, धुऊन वाळवायची, तळाला पेटत्या उदबत्तीने पाच-सहा भोकं पाडायची. चहाचे कागदी कप बरे दिसतात, पण त्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. कागद आहे, कुजेल, असं समजून कपासकट कुंडीत पुरलं तर मूळ आतच गोल गोल फिरत राहतं. कप वापरावा, पण लावताना कापून काढावा. वर्तमानपत्राचा कप पेल्याभोवती गुंडाळून होतो, तो मात्र तसाच पुरता येतो. फक्त त्याची कड मातीच्या वर राहू द्यायची नाही. उघडी कड वातीसारखं पाणी वर ओढते आणि आतली माती कोरडी पाडते.

भरायला दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. नुसती लाल माती छोट्या कपात विटेसारखी बसते. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजली की आठ-नऊ लिटर होते, हे माहीत नसलेला माणूस ती स्वयंपाकघरातल्या पातेल्यात भिजवतो आणि मग घरात बोलणी खातो. भिजल्यावर ते दोनदा पिळून पाणी बदलावं, क्षार निघून जातात.

बोटाचं अर्धं पेर, म्हणजे सव्वा सेंटीमीटरच्या आसपास खोल, एका पिशवीत दोन बिया. दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप कात्रीने कापायचं. उपटायचं नाही, मुळं गुंतलेली असतात. हे कापणं फार कमी लोकांना जमतं. बहुतेक जण दोन्ही ठेवतात, आणि मग दोन्ही वेल सारखेच किडकिडीत.

घासलेली गोकर्ण आठवडा ते पंधरा दिवसांत वर येते. रात्री गार असल्या तर उशीर. इंटरनेटवर कुणी सांगेल की बियांचा ट्रे फ्रीजवर ठेवा, ऊब मिळते. ती जुन्या फ्रीजची गोष्ट. आणि आपल्याकडे उबेसाठी फ्रीजवर चढायची गरज कुणाला? कधी रोप टोपी घालून येतं: बीचं टरफल पहिल्या दोन पानांवर तसंच अडकलेलं. बी फार वर पेरलं की असं होतं, कारण मातीतून वर येताना टरफल घासून निघत नाही. ओढून काढायला गेलं की पानंच तुटून हातात येतात. पाण्याचा थेंब द्यायचा, तासभर थांबायचं, मग टूथपिकने सैल करायचं. गणेशवेलीची पहिली पानं इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुभंगलेली असतात. ते गवत समजून उपटणाऱ्यांची संख्या मोठी असावी.

उगवल्या क्षणापासून उजेड. खोलीत आत ठेवलेलं रोप दोन दिवसांत फिकट, लंबूटांग होतं, आणि एकदा ताणलेली मान पुन्हा आखूड होत नाही. आपल्याकडे घरात म्हणजे ग्रिलमध्ये. बाहेरचा कबुतरांचा आणि आतला आपला, असा तो मधला पट्टा. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. दक्षिणेची फसवते: माघात तिथे ऊन छान आत येतं, पण सूर्य रोज थोडा वर सरकत मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो, मग जुलै संपत येईपर्यंत दुपारचा उत्तरेकडेच असतो. शून्य सावलीच्या दिवसाचं कौतुक करताना हे लक्षात येत नाही, की दक्षिणेच्या गॅलरीला त्या दिवसांत उन्हाचा कवडसाही मिळत नाही. रोप तिथे वाढवावं, वेल दुसरीकडे न्यावा. पश्चिमेच्या ग्रिलची लोखंडी सळई एप्रिलात एवढी तापते की कोवळा शेंडा करपतो, तिथे सळईऐवजी दोरी. वाशी-नेरूळला खाडीकडून दुपारचं वारं लागतं, त्यात कपातली माती सकाळची संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

म्हणून लोक पाणी जास्त घालतात आणि रोप मरतं. मातीला टेकलेला देठ पाणचट, तपकिरी होऊन बारीक पडतो, आणि काल ताठ असलेलं रोप आज आडवं. ही मर, बुरशीचं काम. एकाला लागली की शेजारच्यांनाही लागते आणि गेलेलं रोप परत येत नाही. पाणी खालून द्यावं: थाळीत बोटभर पाणी, त्यात पिशव्या पंधरा-वीस मिनिटं उभ्या, मग थाळी रिकामी करायची. ‘राहू दे, पिईल’ म्हणून पाणी तसंच ठेवलं तर आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, आणि तेव्हाच नेमके पालिकेचे तपासणीवाले बेल वाजवतात.

पहिल्या दोन पानांनंतर येतात ती खरी पानं. तशी तीन-चार आली की मोठ्या कुंडीत. बारा इंची कुंडीला दोन वेल पुरे. त्याआधी आठवडाभर उन्हाची सवय: पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग रोज तासाने वाढवत. पिशवी कडेने चिरायची, मातीचा गोळा न फोडता संध्याकाळी लावायचा. गोकर्णाला खत बेतानेच. शेंगवर्गातली ती, नत्र स्वतः मिळवते. वरून ओतलं तर नुसता पाला. मॉर्निंग ग्लोरीचंही तेच, खाऊन-पिऊन नुसती लांब होत जाते.

दोरी लावायच्या दिवशीच बांधावी, कारण वेल वाट पाहत नाही, शेजारच्या कपड्याच्या दोरीला धरतो. सुतळी दिसते छान, पण जुलैच्या पावसात कुजून भरल्या वेलासकट खाली येते, नायलॉनची घ्यावी. आणि गणेशवेलीचा शेंडा हाताने गुंडाळायचा असेल तर वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने. दुसऱ्या बाजूने गुंडाळला तर दुसऱ्या दिवशी सुटून लोंबताना दिसतो.

इतकं सगळं करून पाडव्याला गोकर्णाचं एखादं फूल दिसलं तर दिसलं. गणेशवेल बहुधा भाद्रपदापर्यंत थांबवते, मग शिंजीर येतात.

दहातल्या दोन-तीन पिशव्यांत काहीच उगवत नाही. महिनाभर वाट पाहून आपण ती माती तुळशीच्या कुंडीत ओततो आणि विसरतो. आषाढात, पहिला जोर ओसरल्यावर, तुळशीच्या बुंध्याशी दोन हिरवी पानं दिसतात. तिथे दोरी बांधलेली नसते. चार दिवसांत ती तुळशीवरच चढलेली असते, आणि आता तिला काढायची कशी, यावर घरात दोन मतं.