भिगवणचा ऑस्प्रे, एक बांबू आणि सलोनचा नियम: माझा अनुभव

पहिलंच सांगतो, एका सलोनने, म्हणजे फोटोस्पर्धेने, माझा फोटो पक्षी बांबूवर बसलाय म्हणून बाद केला आणि राग अजून गेलेला नाहीये, त्यामुळे मधेच आवाज चढला तर समजून घ्या.

फोटो भिगवणचा. हिवाळ्यात कुंभारगाव किंवा डिकसळला जाऊन होडी घेतली की उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडून खाणारा शिकारी पक्षी, दिसतोच, आणि तो बसतो कुठे, तर कोळ्यांनी जाळ्यासाठी पाण्यात रोवलेल्या बांबूवर. माझ्या फोटोत तो नुकता मासा घेऊन बसलाय, पंख अर्धे उघडे, मासा पंजाखाली दाबलेला, पिवळा डोळा थेट लेन्समध्ये, आणि बांबू जरा तिरका असल्यामुळे नजर खालून वर सरळ पक्ष्याकडे जाते. मागे पाणी एकदम स्वच्छ, निळसर राखाडी, कुठे पाणवनस्पती नाही, दुसरी होडी नाही. होडीवाल्या मामांनी सूर्य पाठीमागे ठेवून, इंजिन बंद करून होडी हळूहळू सरकू दिली, त्यामुळे अँगलही खालचा मिळाला. अर्धं श्रेय त्यांचं.

सलोनला पाठवायचा फोटो निवडायची माझी पद्धत सोपी आहे. मोबाईलवर सगळेच फोटो शार्प दिसतात, त्यामुळे मोबाईलवर ठरवायचंच नाही. मॉनिटरवर शंभर टक्के झूम करून आधी डोळा बघायचा. डोळा सॉफ्ट असेल तर पिसं कितीही खुललेली असू देत, फोटो बाजूला. मग डोळ्यात कॅचलाइट, म्हणजे उजेडाचा चमकता ठिपका, आहे का, मान आपल्याकडे किंचित तरी वळलीये का, पांढऱ्या पिसांत डिटेल उरलंय का (ऑस्प्रेचं पोट पांढरं आणि पाठ गडद, म्हणून एक्स्पोजर पांढऱ्यासाठी धरायचं, गडद भाग नंतर उचलता येतो), पंखाचं टोक फ्रेमने कापलंय का. एवढं झालं की टेक्निकल बाजू संपली. कलात्मक बाजूसाठी मी एकच प्रश्न विचारतो: पक्ष्याचं नाव माहीत नसलेला माणूस या फोटोपाशी थांबेल का? दुर्मिळ पक्षी आणि चांगला फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्या ग्रुपवर नेमकी इथेच गल्लत होते.

फॉर्म, फी, अपलोड, सगळं एका संध्याकाळी झालं. नेचर सेक्शनला टाकला आणि विसरलो.

मग मेल आला. फोटोत मानवी घटक दिसतोय, खुलासा करा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, काहीही न बदललेली फाइल) पाठवा.

रॉ मागितली त्याचं काही नाही, मागायलाच हवी, हल्ली एआयने काय काय जोडतात लोक. पण त्यांच्या पोर्टलवर लिमिट २५ एमबी आणि ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ जाते ५० च्या आसपास! ड्राइव्हची लिंक दिली तर म्हणे लिंक चालत नाही, पोर्टलवरच टाका. पोर्टलवर जात नाही म्हटलं तर उत्तर आलं की नियमावली वाचा. शेवटी त्यांच्यातल्याच कोणीतरी वेगळ्या पत्त्यावर मेल करायला सांगितलं. एवढं पहिल्याच मेलमध्ये लिहिता आलं नसतं का?

आता मुद्दा बांबूचा. नेचर सेक्शनसाठी फियाप (आंतरराष्ट्रीय), पीएसए (अमेरिकेची) आणि आरपीएस (ब्रिटनची) या फोटोग्राफीच्या संस्थांनी मिळून ठरवलेली व्याख्या आहे, बहुतेक सलोन तीच वापरतात. त्यात मानवी घटक नको असं आहेच, पण पुढे अपवादही आहे: तो घटक त्या निसर्गकथेचाच भाग असेल तर चालतो, आणि उदाहरण म्हणून माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेली गव्हाणी घुबडं आणि स्टॉर्क दिलेत. मी तेच लिहून पाठवलं. म्हटलं साहेब, ते अख्खं बॅकवॉटरच माणसाने केलेलं आहे. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, पाणी साचलं, मासे आले, कोळी आले, बांबू आले आणि त्या बांबूवर ऑस्प्रे बसायला लागला. उघड्या पाण्याच्या मधोमध त्याला बसायला दुसरं आहे काय? मग पक्षी, मासा आणि बांबू हीच त्या जागेची गोष्ट नाही का? आणि पाण्याचा फोटो चालतो, बांबूचा नाही, हा कुठला न्याय, कारण पाणीही तिथे धरणानेच आणलंय!

उत्तर एका ओळीचं: ज्युरीचा निर्णय अंतिम. फी परत नाही.

ग्रुपवर टाकलं तर एक जण म्हणे, "सर, बांबू काढून टाका ना, दोन क्लिकचं काम आहे, त्याजागी फांदी लावा." म्हणजे खरा बांबू अपात्र आणि खोटी फांदी पात्र. नेचरमध्ये काहीही जोडणं, काढणं, हलवणं बाद आहे, क्रॉप आणि साधं टोनिंग चालतं, तेवढंच मी करतो आणि त्याचा मला अभिमान आहे.

गंमत म्हणजे तोच फोटो ईबर्डवर, म्हणजे पक्षिनोंदींच्या वेबसाइटवर, टाकला होता, तिथे एकापासून पाचपर्यंत स्टार देतात, पक्षी किती स्पष्ट, किती मोठा, उजेड कसा, मधे काही आडवं आलंय का एवढंच बघायचं. तिथे लोकांनी भरभरून स्टार दिले, बांबूबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. नंतर दुसऱ्या सलोनला ओपन कलरमध्ये, म्हणजे कुठल्याही विषयाच्या रंगीत फोटोंच्या सेक्शनमध्ये, टाकला आणि अ‍ॅक्सेप्ट झाला, त्या मेलचा स्क्रीनशॉट ग्रुपवर दोनदा टाकला मी, मुद्दाम.

तर तारा, खांब, बांबू, होडी असं काही फ्रेममध्ये असेल तर सरळ ओपनला टाका, किंवा नेचरला टाकायचाच असेल तर सलोनच्या सेक्रेटरीला आधी मेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं "चालेल हो" उपयोगाचं नाही. जुनी रॉ डिलीट करू नका, जेपेग शूट करत असाल तर आजपासून रॉ प्लस जेपेग. फोटोवर स्वतःचं नाव, वॉटरमार्क नको. टायटल साधं ठेवा, कारण पीएसएच्या सलोनमध्ये एकदा निवडला गेलेला फोटो दुसऱ्या नावाने परत टाकता येत नाही.

आणि हो, हे मगाशीच सांगायचं होतं, साइज बहुतेक ठिकाणी १९२० बाय १०८० च्या आत मागतात, म्हणजे उभ्या फोटोला उंची फक्त १०८० मिळते आणि आडव्याच्या शेजारी तो बिचारा स्क्रीनवर छोटासा दिसतो. माझा ऑस्प्रे उभा होता. पुढच्या वेळी आडवी फ्रेमही काढून ठेवणार आहे, बांबूसकट.