हक्कसोड

रविवार, २१ डिसेंबर २०२५

रात्रीचे साडेदहा झालेत, कपड्यांना अजून काड्यांच्या धुराचा वास येतोय. आज रावेरजवळ आमच्या एका वर्गमित्राच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. सातजण जमलो. सगळे १९९० साली जळगावहून एलएल.बी. झालेले. आमच्या निकालावर पुणे विद्यापीठाचा शिक्का आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा केवढा मोठा प्रश्न वाटला होता तो, की आपली पदवी कुठली म्हणायची!

मळेवाल्याने वकिलीची सनद घेतली, तीन वर्षं काळा कोट घातला, मग वडील अंथरुणाला खिळले आणि तो केळीत परतला. आज हिरवी वांगी काड्यांच्या आगीवर तोच परतत होता, कोणाला हात लावू देईना. एक जिल्हा न्यायाधीश आहे, पुढच्या वर्षी साठ पूर्ण होऊन निवृत्त होईल. त्याची नेमणूक विदर्भात आहे म्हणून तो आमच्यात बसू शकला; आपल्याच जिल्ह्यात असता तर आला नसता, आणि आम्हीही बोलावलं नसतं. गेल्या वर्षी १ जुलैपासून दंड संहिता जाऊन नवी न्याय संहिता आली, खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८ झालं. म्हणाला, निकालात बरोबर लिहितो रे, पण मनात आधी जुनाच आकडा येतो. एक औरंगाबाद खंडपीठात चांगला स्थिरावलाय. एक महामार्गावर अपघातात गेला, त्याला आता बावीस वर्षं झाली. त्याच्या बायकोचा नुकसानभरपाईचा दावा आम्ही तिघांनी मिळून चालवला होता. आज जेवायला बसण्याआधी मळेवाल्याने त्याचं पान वाढून बाजूला ठेवलं. कोणी काही बोललं नाही.

धडगाववाला सगळ्यांत उशिरा आला, एसटी बदलत बदलत. कॉलेजात हा पाठ म्हणायला उभा राहिला की थरथरायचा. गेली सतरा-अठरा वर्षं सातपुड्यात वनहक्काचे दावे तयार करून देतोय. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो, हे आदिवासी माणसाने सिद्ध करायचं. कागद आणायचा कुठून? तर म्हणाला, म्हाताऱ्यांकडे वन खात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या असतात. जंगलात नांगर घातला म्हणून दंड, तारखेसह. चिंधीत गुंडाळून पेटीच्या तळाशी जपलेल्या. ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरवलं, तोच आज ताब्याचा पुरावा. हे सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. मी चोपड्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं पुरावे दाखल केले, असा कागद माझ्या हाती कधी आला नाही. मला त्याचा हेवा वाटला, आणि अभिमानही.

पण आज लिहायला बसलो ते तिच्यासाठी.

वर्गात मुली चारच होत्या. हिंदू कायद्याच्या पेपरच्या आदल्या दिवशी मिताक्षरा ही वारसाची पद्धत आणि सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क असणारे, हे आम्हाला तिनेच समजावलं, कॉलेजच्या आवारात, वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढून. पहिली यायची ती. १९९१ मध्ये लग्न झालं आणि सनद घ्यायची राहून गेली. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या. ती वगळलेल्यांत. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि ती अटही गेली. भावाइतकाच हिस्सा. पुढच्याच वर्षी तिचे वडील वारले. २००७ मध्ये तिचे दोघे भाऊ माझ्याकडे आले, हक्कसोडपत्र करायचं म्हणून, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा कागद.

मी केलं. फी भावांकडून घेतली.

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात तिने मसुदा वाचला. शेवटपर्यंत, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. दुसऱ्या पानावर थांबली. गट नंबर चुकला होता, ७ च्या जागी १. माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, आकडा दुरुस्त केला, म्हणाली, "हा असाच गेला असता तर दहा वर्षांनी तुझ्याकडेच भांडण आलं असतं." मग आत जाऊन सही केली, अंगठा दिला. भावांनी साडी आणली होती.

आज सगळे हात धुवायला उठले, आम्ही दोघंच राहिलो. कळण्याच्या भाकरीचा तुकडा तिच्या पानात तसाच होता. मी विचारलं, "तेव्हा तुझ्या मनात होतं का गं सही करायचं?"

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सही मी केलीच असती. आई होती तेव्हा. राखीला जायला घर हवं होतं." पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "पण तू मला विचारायला हवं होतंस. वर्गमित्र म्हणून नाही, वकील म्हणून. त्या ऑफिसात माझ्याकडून बोलणारं कोणीच नव्हतं रे."

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाहीये. कागदावर मी भावांचा वकील होतो, हे खरं. पण सहदायाद कोणाला म्हणतात हे मला जिने शिकवलं, तिच्या हक्काचा कागद मी टाइप केला आणि तिच्याकडे नुसती सहीची जागा दाखवली. त्या २००७ नंतर किती हक्कसोडपत्रं केली असतील? रजिस्टर काढून बसलो होतो मघाशी. चाळीसनंतर मोजणं थांबवलं. बहुतेक सगळ्या बहिणी. त्यांतल्या एकीशीही मी भाऊ समोर नसताना बोललेलो नाही.

उद्या सोमवार, आणखी एक आहे. साडेअकराची वेळ घेतलीय, मसुदा तयार आहे. बहीण शिरपूरहून येणार. घरी आल्यावर कपडेही न बदलता तिला फोन लावला. म्हटलं, ताई, उद्या तुम्ही जरा आधी, साडेदहाला माझ्या ऑफिसात या, एकट्याच या.

"काही अडचण आहे का वकीलसाहेब?"

"अडचण नाही. सहीच्या आधी थोडं बोलायचंय."

ती थोडी घुटमळली. म्हणाली, "दादाला विचारून सांगते."