आखूड केसांचा म्हणून आणला

"केस आखूड आहेत गं, याचं काही करावं लागत नाही." मामेभावाचं हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वी खरं मानलं. त्याची बदली बेंगळुरूला झाली, तिथल्या भाड्याच्या घरात कुत्रा चालणार नव्हता, आणि तीन वर्षांचा, काळा कुळकुळीत लॅब्राडोर ढब्बू आमच्या सांगलीच्या घरी आला. वजन 38 किलो. नाव उगाच ठेवलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांत सोफा काळा पडला. हे आखूड, ताठ केस सुईसारखे कापडात घुसतात, झाडूला दाद देत नाहीत. एकदा सासूबाईंच्या ताकात केस निघाला. त्या बोलल्या काहीच नाहीत, वाटी फक्त माझ्याकडे सरकवली.

डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरचे केस उलटे सारून दाखवले. वर जाडे, तेलकट केस आणि खाली राखाडी, मऊ लव. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या थंड समुद्रात कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांचा हा वंश, त्यांना ते दुहेरी कांबळं लागायचंच. सांगलीच्या एप्रिलमध्ये त्याचं काय करायचं? शेजारच्या काकांनी "सरळ मशीन फिरवून टाका" म्हणून सुचवलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजिबात नको, हेच केस उन्हापासून कातडी वाचवतात. गळणारी लव तेवढी काढत राहा. दुकानात माझ्या गळ्यात मारलेला तारांचा ब्रश ढब्बूला बोचायचा. शेवटी मऊ दाते असलेला साधा रबरी ब्रश कामाला आला. एक दिवसाआड दहा मिनिटं, अंगणात, वाऱ्याची दिशा बघून. (ही शेवटची अट अनुभवातून आली. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी परत धुवाव्या लागल्या होत्या.)

अंघोळीत माझ्या दोन चुका झाल्या. एक, माझाच शांपू त्याला लावला. दोन, दर रविवारी लावला. महिन्याभरात पोटावर कोंडा, आणि रात्रभर खाजवण्याचा आवाज. माणसाचा शांपू कुत्र्याच्या कातडीला मानवत नाही, आणि सारखं धुतलं की अंगचं तेल निघून जातं. आता पाच-सहा आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्या शांपूनं. त्या तेलकट थरावरून पाणी घरंगळून जातं, त्यामुळे केसांच्या उलट दिशेनं बोटं घालून घासल्याशिवाय ते कातडीपर्यंत पोचतच नाही. शांपू धुऊन काढताना तर दुप्पट वेळ. मग दोन जुने पंचे. बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे ओल राहिली की दुसऱ्या दिवशी घरभर वास.

कानांचं थोडक्यात. लोंबत्या कानात वारा खेळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा कान उलटून वास घ्यायचा. आंबूस आला की डॉक्टर. दिसतं तेवढंच कापसानं पुसायचं, आत काडी घालायची नाही.

खरी परीक्षा नखांची. सुरुवातीला एका ठिकाणी कापायला नेलं होतं. तिथल्या मुलानं घाईत एक नख खोल कापलं, रक्ताची धार लागली, आणि त्या दिवसापासून ढब्बूच्या पंजाला हात लावला की तो पाय पोटाखाली घ्यायचा. गुरगुरला नाही कधी, पण 38 किलोच्या कुत्र्यानं पाय द्यायचा नाही ठरवलं की तो मिळत नाही. नखं वाढून शहाबादी फरशीवर टकटक वाजायला लागली.

मग मी दीड महिना नखं कापलीच नाहीत. पहिला आठवडा नुसता पंजा धरायचा, सोडायचा, काकडीचा तुकडा द्यायचा. नंतर कातर शेजारी ठेवायची. नंतर ती नुसती नखाला टेकवायची. घरचे हसायचे. एका संध्याकाळी मी एक नख कापलं. एकच. त्यानं काकडी खाल्ली आणि दुसरा पंजा पुढे केला!

काळ्या नखात रक्ताची शीर बाहेरून दिसत नाही. पातळ चकत्या काढत जायचं आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग बघायचा. आधी तो पांढरट, भुसभुशीत दिसतो. मधोमध काळसर, ओलसर ठिपका उमटला की थांबायचं. तुरटीची पूड जवळ ठेवते. दोनदा लागली.

गेल्या श्रावणात ढब्बूनं चपाती नाकारली. लॅब्राडोर पाळणाऱ्याला यापुढचं सांगायला नको. ताप 104, हिरड्या पांढरट. रक्त तपासलं तर प्लेटलेट घसरलेल्या, गोचीडताप. 28 दिवस गोळ्या चालल्या. मी रोज ब्रश करत होते, पण पाठीवर. गोचिड्या होत्या कानाच्या घडीत, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात. आता पावसाळ्यात रोज रात्री बोटांनी चाचपते. सापडली की चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात बुडवायची. मानेवर टाकायचं औषध महिन्याला एकदा. पण गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्यावर नसतेच, फटीत दबा धरून असते, अंडीही तिथेच घालते. म्हणून अंगणातल्या फरशीच्या सांधी गवंडी बोलावून सिमेंटनं भरून घेतल्या. यांना तो खर्च पटला नव्हता. औषधांचं बिल दाखवल्यावर पटला.

वजन आता 33 वर आलंय, चपात्या मोजून देतो म्हणून. सासूबाई लपवून देतात ती धरलेली नाही.

आज नखांचा दिवस होता. उजव्या मागच्या पायाशी येईतो काकडी संपली आणि साहेब उठून गेले. दोन नखं राहिलीत. उद्या बघू.